अंतकाळी नाव आठवलं नाही तर? (गीता ८.५ ते ७)



आजचं वाचन आठव्या अध्यायातलं. पाचव्या श्लोकात भगवंत सांगतात, शेवटच्या क्षणी माझं स्मरण करत जो देह सोडतो तो मलाच येऊन मिळतो, यात शंका नाही. वाचताना किती धीर येतो ना? पण आज्जीच्या तेराव्याला चुलत बहिणीने मला गॅलरीत गाठलं आणि विचारलं, "आज्जीला शेवटी विठ्ठलाचं नावपण येत नव्हतं गं. मग तिचं काय?"

आज्जी माण तालुक्यातली. नव्वदी पार केलेली, पण नक्की वय कुणालाच ठाऊक नाही. आधार कार्डावर १ जानेवारी, म्हणजे सरकारच्या सोयीची तारीख! गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी हरिपाठ, आणि माऊलींची पालखी आली की फलटणला जाणं ठरलेलं. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी रांधून पोरं जगवली, आणि तरी एकादशी मोडली नाही. "तसाबी उपासच व्हता, देवाच्या नावावर टाकला," असं म्हणून हसायची.

शेवटची तीन वर्षं ती आमच्याकडे शीवला होती. इथं आल्या आल्या स्टेशनचं नाव ऐकून म्हणाली, "शिवंवर ऱ्हाता व्हय तुमी?" बरोबरच होतं तिचं. मुंबई बेट संपून साष्टी सुरू व्हायची ती हीच हद्द. मग हळूहळू तिचं विसरणं वाढलं. बाबांना ओळखेना. मला "वन्सं" म्हणायची, विहिरीला पाणी आहे का विचारायची. हरिपाठ लावला तर नुसती ऐकत बसायची, ओठ हलायचे नाहीत. आम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलं.

बहिणीचा प्रश्न घेऊन मी सहाव्या श्लोकापाशी थांबले. तिथे 'सदा' असा एक छोटा शब्द आहे. माणूस आयुष्यभर ज्या भावात मुरलेला असतो, तोच शेवटी वर येतो. म्हणजे शेवटचा क्षण ही काही अचानक घेतलेली तोंडी परीक्षा नव्हे. आणि सातव्यात तर अर्जुनाला सांगितलंय की सर्वकाळ माझं स्मरण कर आणि लढ. लढणं सोडून स्मरण कर असं नाही म्हटलेलं. खडी फोडत केलेलं स्मरण यात नक्की बसतं.

शिवाय जे मुरलेलं असतं ते जिभेवरच येईल असं कुठे आहे? आज्जी पलंगावर बसून उजवा हात गोल गोल फिरवायची, जात्यावर बसल्यासारखा. ताट पुढे आलं की पहिला घास बाजूला काढायची. कुणासाठी, हे तिला सांगता येत नव्हतं. पण काढायची.

तरीही मी इथे अडले. समजा तो हातही थांबला असता तर? मेंदूच साथ देत नसेल तर आपण काय करणार?

याचं उत्तर मला वराह चरमश्लोकात मिळालं. श्रीवैष्णव परंपरेत तो फार मानतात. वराहरूपातले भगवान भूदेवीला म्हणतात: शरीर धड असताना, मन ठिकाणावर असताना ज्याने माझं चिंतन केलं, तो शेवटी लाकडासारखा, दगडासारखा पडून राहिला, तर त्या माझ्या भक्ताची आठवण मी ठेवतो आणि मीच त्याला परमगतीला नेतो. आठवण ठेवायचं काम देव स्वतःकडे घेतो! गावाकडे पाहुणा निघाला की घरचं माणूस त्याला शिवेपर्यंत सोडायला जातं. आम्ही आज्जीला तेवढंच सोडू शकलो.

काल रात्री बहिणीला हे सगळं लिहून पाठवलं. सकाळी तिचा एवढाच मेसेज आला, "आज्जीचा हरिपाठ कुणाकडे आहे?"

माझ्याकडे आहे. शिवण सुटलीय, दोन पानं गायब आहेत. रविवारी ती घ्यायला येतेय.

उद्या श्लोक ८. राम कृष्ण हरी.