हक्काचा बोनस, मायेची पंगत

दसरा उलटला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. कोणत्या कंपनीत बोनसचा करार झाला, किती रकमेवर झाला, कुठे अजून बोलणी अडली आहेत. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींतल्या चहाच्या टपऱ्यांवर हे आकडे तोंडपाठ असतात. मेन रोडचे कापडवाले आणि सराफ बाजारही ते लक्ष देऊन वाचतात, कारण या शहराची दिवाळी बरीचशी कारखान्यांतूनच येते. त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते आणि तिची बातमी होत नाही. ती म्हणजे कंपनीचं स्नेहभोजन.

या जेवणाबद्दल मला मनापासून चांगलं बोलायचं आहे. आणि ते देणाऱ्या चांगल्या मालकाबद्दलही. आपल्याकडे मालकाबद्दल बरा शब्द काढणाऱ्याला लगेच ‘मालकाचा माणूस’ म्हणतात. हा संशय उगाच आलेला नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी काही वर्षं कामगारांना बोनस दिला. १९२३ साली मंदीचं कारण सांगून तो बंद केला. १९२४ च्या सुरुवातीला दीड लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीनं निकाल दिला, की बोनसवर कामगारांचा कसलाही हक्क नाही. मालकाची मर्जी होती तोवर बोनस होता. मर्जी फिरली, बोनस गेला. अशा बक्षिशीबद्दल आभार मानायचे म्हणजे मान खाली घालायची, हे त्या पिढीनं अनुभवानं शिकून घेतलं.

मर्जीचा हक्क व्हायला ४० वर्षं लागली. लवाद झाले, संप झाले, आयोग नेमला गेला आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा आला. सुरुवातीला किमान दर ४ टक्के होता, पुढे तो ८.३३ झाला. कमाल २० टक्के. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा काढला तर ८.३३ टक्केच येतात, म्हणजे हिशेब एका महिन्याच्या पगाराचा आहे. कंपनीला नफा झालेला नसला, तरी कायद्यात बसणाऱ्या कामगाराला हा किमान बोनस द्यावाच लागतो. म्हणून बोनस हातात पडल्यावर कुणी कुणाचं देणं लागत नाही. घाम गाळला, मोबदला मिळाला, हिशेब पुरा झाला.

आणि हा हिशेब पुरा झाला, म्हणूनच जेवणाच्या पंगतीला ताठ मानेनं बसता येतं. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर कारखान्यात कॅन्टीन हवं, असं १९४८ चा कारखाने कायदा २०२५ पर्यंत सांगत होता. पण कामगाराच्या आईला बोलवा, पोरांना खेळायला जागा करा, जिलबी आग्रहानं वाढा, असं कुठलंही कलम सांगत नाही. ते कुणाच्या तरी मनात यावं लागतं.

अंबडच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे हे जेवण दोन दिवस असतं. तिसऱ्या पाळीचे लोक, गेटवरचे वॉचमन, हाउसकीपिंगच्या बायका यांच्यापैकी कुणी उपाशी राहू नये म्हणून. निमंत्रणाचं कार्ड परमनंटला आणि कंत्राटी कामगाराला एकच. मसालेभात, मठ्ठा, बटाट्याची भाजी, जिलबी. गेल्या वर्षी त्र्यंबककडच्या एका हेल्परची आई पहिल्यांदाच आली होती. मोठे साहेब वाढायला आले तेव्हा तिनं पदर सावरत विचारलं, “आमचा पोरगा कुठल्या मशीनवर उभा राहतो?” जेवण झाल्यावर साहेबांनी तिला शॉपमध्ये नेलं. खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू त्या लेथवर अजून होतं. तिनं मशीनला हात लावून नमस्कार केला आणि मग मुलाला विचारलं, “बोटं जपतोस ना?” सेफ्टी ऑफिसर शेजारीच उभा होता. गार्ड कसा बसतो, तो बसल्याशिवाय मशीन चालू का होत नाही, हे त्यानं तिला दाखवलं. माऊलीला घरी जाताना जे समाधान मिळालं, ते मिठाईच्या बॉक्सनं मिळालं नसतं.

काम आणि जेवण यांचं नातं नाशिकला नवं नाही. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत आणि फिल्मच्या तांत्रिक कामालाही हात लावत. १९१३ मध्येच फाळक्यांनी बस्तान नाशिकला आणलं. तिथे माणसं एका कुटुंबासारखी राबली. या कुटुंबपणात मोठी ताकद आहे, तसा धोकाही आहे. सरस्वतीबाईंच्या कष्टांची दखल किती उशिरा घेतली गेली, हे आपण जाणतो. आजही ‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हणत ओव्हरटाइमचा दुप्पट दर गिळणारे आहेतच. तिथली जिलबी गोड लागत नाही.

म्हणून चांगला मालक मी आधी इतर दिवसांत ओळखतो. पगार ७ तारखेच्या आत होतो का? कंत्राटदारानं पीएफ खरंच भरला का, हे कुणी तपासतं का? अपघात झाला तर हॉस्पिटलमध्ये आधी कोण पोचतं? २०२० च्या टाळेबंदीत ऑर्डरी थांबल्या होत्या, तरी आमचा पगार वेळेवर झाला. पगार न कापण्याची सरकारी आवाहनं तेव्हा सगळ्यांनीच ऐकली, पाळली मात्र मोजक्यांनी. जो माणूस हे सगळं करतो, त्याच्या पंगतीत मायेचा घास असतो.

आमच्याकडे जेवणानंतर आभाराचं भाषण युनियनचे सेक्रेटरी करतात. व्यवस्थापनाचं नाव घेऊन, काय चांगलं झालं ते मोजून सांगतात. तेच सेक्रेटरी सेटलमेंटच्या वेळी टेबलाच्या पलीकडे बसून एकेका रुपयासाठी भांडतात. या दोन्हींत मला कधी विसंगती दिसली नाही. ज्याला आपला हक्क मागता येतो, त्याच्या आभाराला वजन असतं, कारण त्यात लाचारीचा अंश नसतो.

वाईट मालकाची चर्चा आपण गावभर करतो, आणि ती करायलाच हवी. पण चांगल्याचं नाव घ्यायला लाजलो, तर शेजारच्या प्लॉटवरच्या नव्या उद्योजकानं कुणाकडे बघून शिकायचं? यंदा बोनस मोजून घ्या, कमी असेल तर भांडा. आणि ज्यानं वर्षभर माणूस म्हणून वागवलं, त्याला पंगतीतच, चारचौघांत, मोठ्यानं सांगा की तुमच्याकडे काम करताना बरं वाटतं.