रंगविलेली जीर्णता

नवी वस्तु जुनी दिसावी म्हणून जो कष्ट घेतो, त्याला व्यवहारांत आपण लबाड म्हणतों. कालची मूर्ति मातींत पुरून, धुरावर धरून, ‘प्राचीन’ म्हणून विकणाऱ्या माणसाची गणना कोणी कलावंतांत करीत नाहीं. असें असतां गेले तीन आठवडे रात्रीं दिव्याखालीं बसून मी हाच उद्योग करीत होतों. वस्तु होती १९४० सालच्या इंग्रजी स्पिटफायर लढाऊ विमानाची प्लॅस्टिकची प्रतिकृति. मुळाच्या बहात्तराव्या हिश्श्याची, पंखांच्या एका टोंकापासून दुसऱ्यापर्यंत सुमारें १५.६ सेंटिमीटर.

भाग जोडून, हिरवा व मातकट रंग चढवून विमान तयार झालें, तेव्हां तें निव्वळ खेळणें दिसूं लागलें. मग त्याला वय देण्याचें काम सुरू झालें. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ काळपट तैलरंग सोडला. एंजिनाचा धूर सोडणाऱ्या नळ्यांपासून मागें खडूची काळी पूड बोटानें ओढली. वैमानिक डाव्या पंखाच्या मुळाशीं पाय देऊन आंत चढे. तेथला रंग झिजून पत्रा उघडा पडे. त्या जागीं स्पंजाच्या तुकड्यानें रुपेरी रंग टिपला. हें करतांना मनाला टोंचणी लागली नाहीं. मूर्ति विकणाऱ्याच्या डागांमागें घडलेलें कांहींच नसतें. माझ्या प्रत्येक डागाला कोणाच्या तरी पावलाचा वा श्रमाचा आधार होता.

शेवटीं पाळी आली बंदुकांची. त्या विमानाच्या पंखांत आठ मशीनगन असत. प्रत्येकीला ३०० गोळ्या. सलग झाडल्या तर सुमारें १५ सेकंदांत संपत. उंचावरच्या थंडीनें बंदुका गोठूं नयेत व आंत धूळ जाऊं नये म्हणून उड्डाणापूर्वीं त्यांच्या तोंडांवर तांबड्या कापडाच्या पट्ट्या चिकटवीत. गोळी सुटली कीं पट्टी फाटे, आणि उघड्या भोंकांवरून वारा वाहून परतणारें विमान शीळ घाली. जमिनीवरचे कामगार ती ऐकूनच ओळखीत कीं, आज बंदुका चालल्या.

पट्ट्या फाटलेल्या दाखवाव्या, पंखांखालीं दारूची काजळी ओढावी, म्हणजे शोभा येईल असें मला वाटलें. ‘शोभा’ हा शब्द मनांत आला आणि कुंचला थांबला. ही काजळी दुसऱ्या विमानांत बसलेल्या माणसावर झाडलेल्या गोळ्यांची. एखाद्या तरुणाच्या शेवटच्या क्षणाची मी नक्षी करीत होतों काय? मीं पट्ट्या अखंड ठेवल्या.

एका स्नेह्यांना तें विमान दाखविलें. न्याहाळून ते म्हणाले, “पाऊलखुणा आहेत, धूर आहे, गोळी तेवढी सुटलेली नाहीं. शस्त्राला निष्पाप करून ठेवलेंत. लबाडी म्हणायची तर ही.”

मला उत्तर सुचलें नाहीं. जें मीं नीतीच्या नांवाखालीं केलें, तें वस्तुतः टेबलावरचें विमान मला सुखानें पाहतां यावें एवढ्यासाठींच होतें. ज्यांनीं तीं विमानें उडविलीं त्यांना ही सोय नव्हती. इंग्लंडवरील हल्ला परतविण्यासाठीं त्या गोळ्या झाडाव्या लागल्या, हें मी मानतों. तरी त्या कोणावर तरी झाडल्या गेल्या. युद्ध न्याय्य असलें म्हणून ती काजळी पुसली जात नाहीं.

दुसऱ्या रात्रीं मीं आठहि पट्ट्या फाटलेल्या रंगविल्या आणि पंखांखालीं काजळी ओढली. हात आंखडून, पंधरा सेकंदांत उठेल एवढीच. विमान अधिक देखणें झालें हें कबूल केलें पाहिजे, आणि तेंच मला अजून खुपतें. घरीं येणारीं मुलें विचारतात, “हें काळें कशाचें?” मी गोळ्या झाडल्याचें सांगतों. मग “कोणावर?” हा प्रश्न येतो, आणि त्याचें उत्तर मला टाळतां येत नाहीं.