डावा कौल झाला तर?

गोव्यात पेडणे आणि डिचोलीकडच्या देवळांत प्रार्थना पुष्कळदा मोठ्याने होते. नारळ ठेवला जातो, गुरव किंवा घाडी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतो आणि मागणे काय आहे ते जमलेल्या सर्वांच्या कानांवर पडते. "व्हय म्हाराजा" म्हणत मंडळी त्याला साथ देतात. मागणे एका घराचे असले तरी आधी गावाचे बरे मागायचे, देवचार-राखणदारांची आठवण करायची आणि मग घराच्या अडचणीकडे यायचे. ही नुसती जुनी चाल नव्हे. मागणाऱ्याचा हेतू तपासणारी ती मोठी कठोर पद्धत आहे. शेजाऱ्याची बागायत आपल्या पदरात पडावी ही इच्छा मनात सुखाने नांदते, पण चार गावकऱ्यांसमोर गुरवाच्या तोंडून ती वदवून घेणे जड जाते.

यावर कोणी म्हणेल, की चारचौघांत माणूस सोज्वळ मागणे मांडतो आणि खरे मागणे पोटात ठेवतो. हे खरेच आहे. म्हणूनच गाऱ्हाण्यापेक्षा कौल मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मूर्तीला किंवा पाषाणाला ओल्या पाकळ्या वा कळ्या लावून प्रश्न विचारतात. देवळागणिक रीत थोडी बदलते, पण साधारणपणे उजवी पडली तर होकार आणि डावी पडली तर नकार मानतात. पाकळी ओलाव्याने नि वजनाने पडते, त्यात देवाचा हात कुठला, असे विचारणाऱ्याशी मला वाद घालायचा नाही. डावा कौल झाल्यावर माणूस काय करतो, तिकडे पाहावे. एखादा मुकाट्याने परततो. दुसरा तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा विचारायला लावतो, आणखी काही देवाला कबूल करतो, उजवा मिळेपर्यंत हटत नाही. तो विचारायला आलेलाच नव्हता. आधीच ठरवलेल्या गोष्टीवर त्याला देवाची सही हवी होती. अख्ख्या गटाचेही असे होते. 1933 च्या नियमावलीनुसार गोव्यात मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो, त्यामुळे मानापानाचे तंटे त्याच्या कचेरीत आणि पुढे कोर्टात जातात. दोन्ही बाजू एकाच देवीला नमस्कार करून निघतात आणि तिच्याकडे मागतात तो दुसऱ्याचा पराभव. मोठ्याने म्हटले, म्हणून असे मागणे शुद्ध होत नाही.

वेदान्ताचा अभिमानी म्हणेल, मागणेच हीन. मग हेतू कसला तपासता? गीता इतकी कठोर नाही. सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार भक्त सांगून ज्ञानी सर्वांत प्रिय म्हटला आहे, तरी उदार मात्र चौघांनाही म्हटले आहे. तापाने फणफणलेल्या लेकरासाठी नवस बोलणाऱ्या आईकडे हेतूची चौकशी करणे निर्दयपणाचे होईल. तपासणी करायची ती आपण स्वस्थ असताना, हिशेब करून देवाकडे जाताना. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला, पेडण्यातल्या जमिनीला मोल चढले, आणि भावाभावांतल्या वाटण्यांना वेगळीच धार आली. अशा व्यवहाराआधी देवळाची पायरी चढणाऱ्याने स्वतःला एवढेच विचारावे: डावा कौल झाला तर मी हे सोडून देणार आहे का? उत्तर नाही असे असेल, तर नारळ घरीच ठेवावा.