पाटणचे मच्छिंद्रनाथ

चि. सायलीस,


कॉलेजच्या निबंधासाठी तू विचारलंस, नेपाळ मुळात हिंदूंचं की बौद्धांचं? आकड्यावर भागणार असेल तर 2021 च्या जनगणनेत 81 टक्के हिंदू आणि 8 टक्के बौद्ध नोंदले गेले. पण तेवढ्यावर निबंध उरकू नकोस. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार माणसाची ‘धर्म कोणता?’ या रकान्यापाशी चांगलीच पंचाईत होते.

आपल्याकडे श्रावणात नवनाथांचं पारायण असतं. त्यातले मच्छिंद्रनाथ तुला माहीत आहेत. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा त्यांच्यातूनच येते. काठमांडूला लागून असलेल्या पाटणमध्ये हेच मच्छिंद्रनाथ लाल मूर्तीच्या रूपात आहेत आणि तिथे ते पावसाचे देव आहेत. कथा अशी, की गोरखनाथ पाऊस पाडणाऱ्या नागांना आसनाखाली दाबून तपाला बसले आणि बारा वर्षं थेंब पडला नाही. तेव्हा राजा नरेंद्रदेव, बंधुदत्त नावाचे वज्राचार्य (बौद्ध पुरोहित) आणि ललित नावाचा शेतकरी कामरूपाला जाऊन मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरू आले म्हणून गोरखनाथ उठले, नाग सुटले, पाऊस आला. आपल्याकडे स्त्रीराज्यात अडकलेल्या गुरूला सोडवायला शिष्य जातो, तिथे शिष्याला उठवायला गुरूला आणावं लागतं. मला ही नेपाळी कथा जास्त आवडते.

आता गंमत बघ. बौद्ध नेवारांसाठी हा देव करुणामय, म्हणजे अवलोकितेश्वर. त्याची पूजाअर्चा करणारे पुजारीही बौद्ध, शाक्य आणि वज्राचार्य कुळांतले. हे संसारी लोक. पौरोहित्य बापाकडून मुलाकडे येतं. शेजारचा शिवमार्गी, म्हणजे हिंदू नेवार, त्याच मूर्तीला मच्छिंद्रनाथ म्हणून हात जोडतो, आणि यावरून कुणी भांडत नाही.

या देवाची दरवर्षी रथजत्रा निघते. जत्रेचा रथ साठेक फूट उंच, बांबू आणि वेतांचा. चार चाकांवर डोळे रंगवलेले, धुरेच्या टोकाला भैरवाचा मुखवटा. प्रत्येक काम ठरलेल्या गटाकडे: लाकूडकाम बाराहींचं, वेत बांधणं यंगवालांचं, आणि चालत्या चाकाखाली लाकडी ठोकळे सारून रथ आवरायचं जिवावरचं काम घःखुंचं. शेवटी जावलाखेलच्या मैदानात रथावरून चारही दिशांना एक रत्नजडित बंडी दाखवतात. नागराणीचे डोळे बरे केल्याबद्दल ती एका शेतकऱ्याला मिळाली, मग चोरीला गेली, पुढे दोघांनी तिच्यावर हक्क सांगितला. पुरावा कुणाकडेच नव्हता, म्हणून ती देवाकडे ठेवली. दरवर्षी बाहेर काढून मालक आहे का विचारतात. पूर्वी हे पाहायला राजा यायचा, 2008 नंतर राष्ट्रपती येतात. खटला अजून चालूच आहे!

खर्च कोण करतं? गुठी. पूर्वजांनी देवाच्या नावे लावून दिलेल्या जमिनी आणि त्यांच्या उत्पन्नातून पूजा-जत्रा चालवणारी मंडळं. 2019 मध्ये सरकारने गुठींचा कायदा बदलायला घेतला, तेव्हा हजारो नेवार रस्त्यावर आले आणि विधेयक मागे घ्यावं लागलं. धर्माचं बळ मला तिथे तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा या जमिनीच्या हिशेबात जास्त दिसतं.

मात्र यावरून ‘सगळे गुण्यागोविंदाने राहतात’ असं लिहू नकोस. पंतप्रधान जंगबहादूर राणाच्या 1854 च्या मुलुकी ऐनाने, म्हणजे देशाच्या कायदेसंहितेने, सगळ्या देशाची जातवार उतरंड कायद्यात बसवली: वर जानवेधारी, मधे मतवाली (मद्य पिणारे), खाली ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही ते. ज्या गुरुंग, मगर, राई, लिंबूंना वेदांशी देणंघेणं नव्हतं, ज्या किरातांचा स्वतःचा मुंधुम (मौखिक धर्मपरंपरा) आहे, तेही त्याच उतरंडीत कोंबले गेले. 1944 मध्ये राणा सरकारने थेरवादी भिक्षूंना देशाबाहेर काढलं. बुद्धाच्या जन्मभूमीत हे घडलं. अस्पृश्यतेचा कायदेशीर आधार 1963 साली गेला. 2006 मध्ये देश धर्मनिरपेक्ष झाला, आणि 2015 च्या संविधानाने धर्मनिरपेक्षतेच्याच कलमात सनातन धर्म-संस्कृतीच्या रक्षणाचीही तरतूद केली. ही तडजोड कुणालाच पूर्ण पटलेली नाही.

देव सामाईक असला म्हणजे माणसं समान होतात असं नाही, हे पंढरीच्या वाटेवरच्या आपल्याला वेगळं सांगायला नको. तेव्हा रथाचं वर्णन हवं तेवढं रंगव, पण ऐनाचं पान गाळू नकोस. मसुदा झाला की पाठव, मोठ्या अक्षरांत. मोबाईलवर मला वाचवत नाही.

तुझा,
अण्णाकाका