निकष मुलांच्या हाती द्या

पाठ संपल्यावर मुलांना काय यायला हवे, हे आधी ठरवावे आणि मग शिकवावे, हे आज कोणालाही पटते. ही मांडणी मात्र फार जुनी नाही. राल्फ टायलर यांनी 1949 मध्ये अभ्यासक्रमाचा विचार उद्दिष्टांपासून सुरू केला आणि 1956 मध्ये ब्लूम व सहकाऱ्यांनी उद्दिष्टांचे वर्गीकरण केले. आपल्याकडे ते पाठ टाचणातून आले. 'विद्यार्थी कारणे सांगतो', 'विद्यार्थी फरक स्पष्ट करतो' अशी वाक्ये रकान्यात भरत गुरुजींच्या कित्येक पिढ्या घडल्या. टाचण वाचायचे ते पाठ निरीक्षक. ज्याने कारणे सांगायची, त्या मुलाला त्याचा पत्ता नसे.

पुढे 1986 च्या शैक्षणिक धोरणाने किमान अध्ययन क्षमतांचा आग्रह धरला, दवे समितीने 1991 मध्ये त्यांची यादी दिली आणि महाराष्ट्रात 1995 चा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने वर्णनात्मक नोंदी मागितल्या, तेव्हा तयार नोंदींची पुस्तकेच बाजारात मिळू लागली. 2017 मध्ये अध्ययन निष्पत्ती आल्या आणि त्यांचे तक्ते वर्गाच्या भिंतीवर लागले. 2021 च्या 'निपुण भारत'ने तर तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, इतके नेमके सांगितले. अपेक्षा नेमक्या होत गेल्या, उघडही झाल्या. तरी त्या राहिल्या मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेल्याच.

ही उणीव रॉयस सॅडलर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने 1989 मध्येच दाखवली होती. चांगले काम कसे असते हे मुलाला कळावे, आपले काम त्याने त्याच्याशी ताडून पाहावे आणि मधले अंतर कमी करण्यासाठी काहीतरी करावे, या तिन्ही गोष्टी घडल्या तरच सुधारणा होते. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी 1998 मध्ये हाच धागा पुढे नेला. यशाचे निकष हवेत ते यासाठी. निष्पत्ती वर्षाअखेरचा मुक्काम सांगते, तर निकष आज हातात असलेल्या कामाची खूण.

भंडारा जिल्ह्यातली चौथी डोळ्यांसमोर आणा. विषय आहे धानाची रोवणी. बहुतेक वह्यांत 'आमच्या शेतात रोवणी झाली, मजा आली' एवढेच येईल. आता बाईंनी निनावी दोन उतारे फळ्यावर लिहिले आणि विचारले, ज्याने रोवणी कधी पाहिलीच नाही त्याला कोणता उतारा वाचून ती कळेल? पोरेच सांगतील : चिखलणी आधी, पऱ्हे (रोपे) उपटणे मग, बांधीत लावणे शेवटी, हा क्रम हवा. कोण काय करते ते यावे. स्वतः पाहिलेली, ऐकलेली एखादी गोष्ट असावी. झाले तीन निकष. मग शेजारची वही वाचणारी मुलगी म्हणते, 'पऱ्हे कवा उपटले, थे आलंच नाही.' वही बाईंकडे जाण्याआधीच दुरुस्ती होते.

इथे भाषेचा प्रश्न कळीचा आहे. घरी झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला 'आशय आकलनपूर्वक अभिव्यक्त करतो' हे वाक्य परकेच वाटणार. निकष त्याच्या बोलीत आला तर तो त्याला वापरता येतो.

धोकाही आहे. तेच तीन निकष प्रत्येक निबंधाला चिकटवले, तर चाळीस वह्यांत एकच निबंध निघेल आणि पाठ टाचणाचा जुना रकाना नव्या नावाने परत येईल. म्हणून निकष थोडे असावेत, कामागणिक बदलावेत आणि ते ओलांडून कोणी वेगळे लिहिले तर त्याचे कौतुक व्हावे.

त्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही, निधीही लागत नाही. उद्याच्या एका तासिकेत पहिली दहा मिनिटे 'चांगले म्हणजे कसे?' एवढे मुलांना विचारा आणि त्यांचे उत्तर तास संपेपर्यंत फळ्यावर राहू द्या.