शेडनेटमधला मेंडेल

जाफराबाद तालुक्यात आणि त्याला लागूनच असलेल्या देऊळगाव राजा परिसरात शेडनेटखाली भाजीपाल्याचं संकरित बियाणं तयार होतं. टोमॅटो किंवा मिरचीच्या मादी झाडाची उमलायच्या बेतातली कळी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग लावायचे आणि त्या फुलावर खूण ठेवायची. एखादा पुंकेसर आत राहिला, तर फूल स्वतःच्याच परागाने फळतं आणि बियाण्यात भेसळ येते. या कामाला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. बायका ते ज्या सफाईने करतात, ती सफाई प्रयोगशाळेत सहजी येणारी नाही.

अशाच घरांतली मुलं बीएस्सीला मेंडेल शिकतात. 1866 साली छापून आलेला त्याचा वाटाण्यावरचा निबंध, सात गुणधर्म, तीनास एक हे प्रमाण, सगळं तोंडपाठ असतं. पण घरी आईने विचारलं, “आपणच काढलेल्या या बियाचं पीक घेतलं, तर त्याचं बी पुढच्या साली का चालत नाही?” तर? संकराच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात, सगळी झाडं सारखी निघत नाहीत, हेच तर मेंडेलने दाखवलं. आईच्या प्रश्नाला हे उत्तर तिला समजेल अशा मराठीत देता येणं, ही माझ्या मते पदवीची पहिली कसोटी.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे. ज्या बियाणे कंपनीशी करार असतो, ती तयार बियाण्याचा नमुना लावून झाडं तपासते आणि त्यावर लॉट पास की फेल ते ठरतं. समजा, अट 98 टक्के शुद्धतेची आहे आणि नमुन्यातल्या 400 झाडांत 12 वेगळी निघाली. शुद्धता 97 टक्के, लॉट फेल. हंगामभराची मेहनत पणाला. पण लॉट खरोखर 98 टक्के शुद्ध असला, तरी 400 झाडांत दर वेळी मोजून आठच वेगळी निघतील असं नाही. कधी पाच निघतील, कधी अकरा-बारा. ज्याने संख्याशास्त्र समजून घेतलंय, तो म्हणेल, “नमुना कसा घेतला ते दाखवा आणि पुन्हा तपासा.” ज्याने ते फक्त पास होण्यापुरतं केलं, तो बापाशेजारी गप्प उभा राहील. करारात फेरतपासणीचं कलम आहे का, हे सही करण्याआधी वाचणं आणि नसेल तर तशी मागणी लेखी करणं, हेही शिक्षणच. पण त्याला कुठल्याच पेपरात गुण नाहीत.

जाफराबाद ज्या मराठवाड्यात आहे, तिथं महाविद्यालयीन शिक्षणच उशिरा आलं. निजामाच्या राज्यात 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते हैदराबादला, आणि त्याचं माध्यम उर्दू. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढलं 1950 साली. मराठवाडा विद्यापीठ आलं 1958 मध्ये. आज जाफराबादच्या पोरीला पदवीसाठी गाव सोडावं लागत नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे! म्हणूनच ती पदवी नुसती भरतीच्या अर्जाला जोडायचा कागद होऊन राहते, तेव्हा जीव तुटतो. भरतीचा अभ्यास करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पावसावरच्या शेतीला कंटाळलेल्या घराने पगाराची आशा धरणं स्वाभाविकच आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. त्याचा अर्थ मुलांना कुठेतरी फुकट राबायला पाठवून शिक्के आणायचे असा लावला, तर ती संधी वाया जाईल. आणि निव्वळ ‘कौशल्य’ हवं असेल, तर क्रॉसिंग या मुलींना आधीच येतं. त्यांना हवंय ते त्या हातकामामागचं शास्त्र, हिशेब आणि कायदा. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने, वाण संरक्षित असला तरी, शेतकऱ्याला आपल्या रानातलं बी राखायचा, पेरायचा, देवघेवीचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. हे वनस्पतिशास्त्राच्या वर्गात सांगायला काय हरकत आहे?

कला शाखेने बाजूला राहायचं कारण नाही. अर्थशास्त्राच्या मुलांनी एका हंगामात एवढंच नोंदवावं: क्रॉसिंगची मजुरी किती, ती कोणाच्या हातात पडते, करारावर नाव कोणाचं, लॉट फेल झाला तर तोटा कोण सोसतं. मराठीच्या मुलांनी तो करार सोप्या मराठीत उतरवावा आणि ज्या घरांतून सह्या होतात, तिथं जाऊन वाचून दाखवावा.