सौद्याबाहेरचा माणूस

जुनी मोटारगाडी बाळगणाऱ्या माणसाला वर्षातून दोन-चार वेळा तरी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. गॅरेजमधला मिस्त्री तेलकट हात पुसत विचारतो, "साहेब, कंपनीचा टाकू की लोकल?" प्रश्न इतका साधा की, त्यात काही नैतिक गुंतागुंत असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. आपण दोन्ही किमती विचारतो, खिशाचा अंदाज घेतो आणि बहुधा म्हणतो, "लोकलच टाका, गाडी तरी आता किती दिवस चालवायची आहे!" मीही हे उत्तर अनेकदा दिले आहे. ते देताना मी नेमके काय ठरवत होतो, हे मात्र मला फार उशिरा उमगले.

काही वर्षांपूर्वी इंदूरला असताना माझ्याजवळ एक जुनी मारुती ८०० होती. तिच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजले. मिस्त्रीने दोन खोकी पुढे ठेवली. एकावर नावाजलेल्या उत्पादकाचे नाव होते. दुसऱ्यावर तशीच रंगसंगती, तशीच छपाई, फक्त नावातले एक अक्षर वेगळे. किमतीत साडेतीनशे रुपयांचा फरक. मिस्त्री प्रामाणिक होता. "हाही माल चालतो, पण किती चालेल ते सांगता येत नाही," असे त्याने मोकळेपणाने सांगितले. मी दुसरे खोके घेतले आणि आपण व्यवहारी आहोत या समाधानात घरी आलो.

दीड महिन्याने खांडव्याच्या रस्त्याने भेरूघाट उतरत होतो. पहिल्या तीन-चार वळणांवर काही जाणवले नाही. त्यानंतर पायाखालचा पेडल घट्ट लागे, पण गाडीचा वेग काही केल्या कमी होईना. करपल्याचा उग्र वास येऊ लागला. पुढच्या वळणाशी एक म्हातारी टोपलीत सीताफळे मांडून बसली होती. शेजारी एक लहान मूल खेळत होते. मी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. ती थांबली तेव्हा टोपली चार-पाच हातांवर होती. कोणालाही इजा झाली नाही. म्हातारी उठून जवळ आली, मला कोठे लागले तर नाही ना, असे तिने विचारले आणि आपल्या लोट्यातले पाणी पुढे केले.

ते पाणी मला सहजासहजी गिळवले नाही. साडेतीनशे रुपये वाचले होते ते माझे. पण गाडी चार हात पुढे गेली असती, तर त्या बचतीची किंमत तिने चुकती केली असती. आणि "कंपनीचा टाकू की लोकल?" हे तिला कोणीच विचारले नव्हते. दुकानदार, मिस्त्री आणि मी असा आम्हा तिघांचा तो सौदा होता. ती त्या सौद्याबाहेरची होती.

नेमके काय घडले होते, हे समजून घेतल्यावाचून पुढचा विचार नीट होणार नाही. ब्रेक म्हणजे गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते, आणि घाटात तर ती उतारागणिक नव्याने निर्माण होत राहते. पॅडच्या पोलादी पट्टीवरचा घर्षणाचा थर तंतू, धातूचा चुरा आणि या सर्वांना बांधून ठेवणारी राळ यांचा बनलेला असतो. राळ हलक्या प्रतीची असली, ती नीट भाजली गेलेली नसली, तर जास्त तापताच ती वायू सोडू लागते, आणि पॅड व चकती यांमधली पकड सुटते. पाय दाबत राहतो, गाडी धावत राहते. कधी तो थरच पट्टीपासून सुटून येतो. मास्टर सिलिंडरमधल्या रबरी वाट्यांचेही तसेच. अयोग्य रबर ब्रेकच्या तेलात फुगते किंवा चिरते, आणि एके दिवशी पेडल विनासायास तळाला जाऊन टेकतो. या वस्तू नव्या असताना डोळ्यांना फरक दिसत नाही. गावातल्या सपाट रस्त्यावर त्या निमूटपणे काम करतात. त्यांचा खोटेपणा उघडा पडतो तो केवळ कसोटीच्या घटकेला, आणि तेव्हा त्या बदलायला वेळ उरलेला नसतो.

येथे एक भेद केला पाहिजे, नाहीतर आपण अन्याय करू. मूळ कंपनीने न बनवलेला प्रत्येक भाग वाईट नसतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, अँबेसिडरचेही त्याच वर्षी. पद्मिनी तर त्याआधीच इतिहासजमा झाली होती. अशा गाड्या ज्यांच्याकडे उरल्या आहेत, त्यांना दुसऱ्यांनी बनवलेल्या भागांवर विसंबणे भागच आहे. स्वतःच्या नावाने, मोजमाप सांभाळून, माल तपासून विकणारे कितीतरी उत्पादक आहेत. माझा स्वतःचा व्यवसाय भाषांतराचा. मूळ शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसवण्यातच माझे आयुष्य गेले. तेव्हा पर्याय म्हणजे फसवणूक, असे मी तरी म्हणू शकत नाही. जो आपण पर्याय आहोत हे सांगतो आणि मुळाचा भार पेलतो, तो प्रामाणिक पर्याय. जो मुळाचा वेष घेतो पण भार पेलत नाही, तो बनावट. दोष स्वस्तपणात नाही. जो भार पेलायचा, तो पेलण्याचे खोटे आश्वासन देण्यात आहे.

दुसरा भेद त्याहून महत्त्वाचा आहे. गाडीचे काही भाग असे असतात की ते बिघडले म्हणजे गाडी थांबते. काही असे असतात की ते बिघडले म्हणजे गाडी थांबत नाही. हलक्या प्रतीच्या ऑइल फिल्टरने इंजिन झिजेल, दरवाजाची मूठ हातात येईल, आतला दिवा लागणार नाही. हा तोटा बहुतांशी मालकाचा, आणि त्याने तो खुशाल पत्करावा. परंतु ब्रेक, स्टीअरिंगचे बॉल जॉइंट, टायर, पुढचे दिवे यांच्या बाबतीत आपण जी जोखीम पत्करतो, ती आपली एकट्याची नसते. स्वतःच्या पैशाची काटकसर हा सद्गुण होय. दुसऱ्याच्या जिवाची काटकसर करण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मालकाला स्वतःच्या गाडीचा विमा काढण्याची सक्ती केलेली नाही, पण तिसऱ्या पक्षासाठीचा विमा सक्तीचा केला आहे. सौद्याबाहेरच्या माणसाला कायद्याने ओळखले आहे. आपणच त्याला विसरतो.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याभोवती कठडा करण्याची आज्ञा आहे. कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये, हे तिचे कारण. त्या आज्ञेचे भाषांतर तपासताना मी कित्येकदा शब्दांपाशी थांबलो होतो, अर्थापाशी पहिल्यांदा थांबलो तो त्या घाटानंतर. घराचा मालक रोजच त्या धाब्यावर वावरतो. कड कोठे आहे हे त्याला अंधारातही ठाऊक असते. कठडा मुख्यतः हवा असतो तो पाहुण्याला, ज्याला ती कड माहीत नाही. अपघात घडवण्याचा हेतू कोणाचाच नसतो. तरीही ज्याच्या हाती कठडा बांधणे होते, त्याच्याकडे उत्तर मागितले जाते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खरा आहे. "तुम्हाला साडेतीनशे रुपये जड नव्हते. ज्याची चूल त्या गाडीवर पेटते, त्या टॅक्सीवाल्याने काय करावे?" गरिबाला दुकानाच्या फळीसमोर उभे करून नीतीचे पाठ देणे मला मान्य नाही. दोषाचा मोठा वाटा त्याचा नाहीच. जो जाणूनबुजून खोटे खोके छापतो त्याचा तो पहिला. ते खरे म्हणून विकणाऱ्याचा दुसरा. आणि परवडत असताना ते मागून बाजार चालता ठेवणाऱ्या माझ्यासारख्यांचा तिसरा. असे असले तरी रस्त्यावरचे मूल चालकाच्या उत्पन्नाचा दाखला पाहून जखमी होत नाही. म्हणून पैसा अपुरा असेल तर काटकसर कोठे करायची, हे ठरवायला हवे. पत्र्याचा पोचा तसाच राहू द्यावा, रंग उडालेला राहू द्यावा, घाट टाळावा, प्रसंगी आठवडाभर गाडी उभी ठेवावी. ब्रेकशी तडजोड करू नये. आणि आपल्या शेजारच्या टॅक्सीवाल्याला तेवढ्या रकमेची नड असेल, तर ती भागवणे हेही आपले काम आहे.

जबाबदारी अनेकांत वाटली गेली की ती कोणाचीच उरत नाही, हा अनुभव मोटारींपुरता नाही. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ओस्लोहून हॅम्बर्गला निघालेले एक जुने कॉन्व्हेअर विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातले सर्व ५५ जण मरण पावले. शेपटीचा उभा पंख जोडून ठेवणारे काही बोल्ट अस्सल नव्हते आणि त्यांची ताकद अपुरी होती, असे चौकशीत आढळले. ते कोणीतरी बनवले, कोणीतरी विकले, कोणीतरी बसवले. प्रवाशांपैकी कोणीही त्या सौद्यात नव्हता.

मी ते पॅड दुसऱ्याच दिवशी बदलले. पुढे गाडी विकायची वेळ आली, तेव्हा कोणता भाग अस्सल, कोणता नाही, हे मी एका कागदावर लिहून घेणाऱ्याच्या हाती दिले. त्याने किंमत थोडी पाडून मागितली; मी ती दिली. घेणारा तरुण मला म्हणाला, "हे सगळं कोणी सांगत नाही, काका." तो गेल्यावर मला त्या वळणावरची म्हातारी आठवली. गाडी नव्या मालकाच्या घरी गेली असली, तरी ती कोणत्या ना कोणत्या वळणावरून जाणारच होती, आणि तेथे कोणीतरी टोपली मांडून बसलेले असणारच होते. पुढच्या वेळी मिस्त्रीने तोच प्रश्न विचारला, तर उत्तर देण्यापूर्वी आपण त्या माणसाचेही मत मनोमन विचारावे.